बर्फवाल्याचा वाटा

अक्षदा नेमकं काय काम करते हे तोंडवलीत कुणालाच धड ठाऊक नव्हतं, आणि त्याला जबाबदार तिचा बाप होता. किनाऱ्यावर कुणी विचारलं, “बाळा, चेडू काय करता रे?” की बाळा जाळ्याचा गुंता सोडवत, मान वर न करताच सांगायचा, “कॉम्प्युटरार आसा.” जशी काही पोरगी कॉम्प्युटरवर चढून बसली होती आणि उतरायचं नाव घेत नव्हती. विचारणारा मान डोलवून पुढे जायचा. बाळा खोटं बोलत नव्हता, पण ‘खेळ बनवते’ हे दोन शब्द त्याच्या तोंडातून बाहेर पडायला तयार नव्हते. खेळ म्हणजे पोरांनी शाळेतून आल्यावर करायची गोष्ट, त्यात नोकरी कसली आणि कंपनी कसली, असं त्याचं सरळ म्हणणं होतं.

कंपनी तर थेट जपानची. नागिउरा नावाच्या एका छोट्या बंदरात होती आणि बंदराचंच नाव लावायची. व्हिडिओ गेम बनवणाऱ्या कंपन्यांत ती काही फार बडी नव्हती, पण ज्यांना त्या जगातलं कळतं ते तिचं नाव आदरानं घेत. अक्षदा कोल्हापुरात चित्रकला शिकून घरी परतली, वाळूवरच्या खेकड्यांची चित्रं काढून इंटरनेटवर टाकू लागली आणि एके दिवशी नागिउराकडून विचारणा आली: आमच्या खेळासाठी असे खेकडे काढाल का? तेव्हापासून ती घराच्या माडीवर बसून त्यांच्यासाठी खडक, होड्या आणि खेकडे काढत होती. आता ते तिला कायमची कामावर घेणार होते, तेही तोंडवलीतच बसून काम करायच्या अटीवर. तिला दुसरं काही नकोच होतं. समुद्र सोडून पुण्यात कुठल्यातरी खोलीत राहायचं आणि आठवणीतून खेकडे काढायचे, हे तिला जमण्यासारखं नव्हतं.

फक्त एक गोष्ट राहिली होती, आणि तिथंच घोडं अडलं होतं.

नागिउरात जुनी रीत होती. कायमचं होणाऱ्या प्रत्येक माणसानं आपल्या घरी, आपल्या भाषेत, घरच्यांना कंपनीचा इतिहास सांगायचा. कंपनीची माणसं पडद्यावरून ऐकणार. मग घरातल्या एका थोरल्या माणसानं तो इतिहास आपल्या शब्दांत कंपनीला परत सांगायचा. तो सांगितला की माणूस कंपनीचा झाला. कुठल्याशा देशातल्या एका मुलाचे काका मधेच उठून गेले, तर त्या मुलाला पुढच्या वर्षापर्यंत थांबावं लागलं होतं. अक्षदानं ही हकिकत ऐकली तेव्हापासून तिचा जीव टांगणीला लागला होता, कारण तिच्या घरात थोरलं माणूस म्हणजे बाळा.

आई होती, पण पद्मावतीनं आधीच हात वर केले होते. “माका चार माणसांत बोलूचा म्हटला की घाम फुटता गो. पपांका सांग.”

अक्षदानं पपांना सांगितलं. बाळा ओट्यावर बसून बिडी ओढत होता.

“आयकान,” तो म्हणाला. “बोलूचंय नाय.”

“पपा, थोडासाच बोलूचा आसा.”

“आयकान म्हणान सांगलंय ना? जपान्यांफुडे मी काय बोलू? माका तुझ्या खेळातला काय कळता?”

त्यानंतर त्यानं विषय असा बंद केला की पुन्हा काढायची सोय राहिली नाही.

आता हा बाळा मुका माणूस होता असं कुणी समजू नये. किनाऱ्यावर त्याचा आवाज पार देवबाग गावापर्यंत जात असेल. तोंडवलीत अजून रांपण ओढली जाते. होडीतून लांबच लांब जाळं समुद्रात गोलाकार टाकायचं आणि दोन्ही टोकांच्या दोऱ्या किनाऱ्यावरून माणसांनी ओढायच्या. जाळं वाळूवर आलं की मासळीचे वाटे घालायचं काम बाळाचं. जाळ्याच्या मालकाचा वाटा, होडीचा वाटा, ओढणाऱ्यांचे वाटे. ज्यानं दोरीला हात लावला त्याला वाटा मिळालाच पाहिजे, मग तो दोरीचे शेवटचे चार हात ओढायला का येईना. गेल्या मोसमात एक पाहुणा नुसता फोटो काढायला म्हणून दोरी धरून उभा राहिला होता. बाळानं त्याच्या हातात बांगडे ठेवले. तो बिचारा नको नको म्हणत मागे सरकत होता आणि बाळा बांगडे घेऊन त्याच्या मागे जात होता. शेवटी त्या माणसानं ते गाडीत ठेवले आणि गाडीला पुढं महिनाभर काय वास आला असेल तो त्याचा तोच जाणे.

रविवारी सकाळी रांपण आटोपून बाळा घरी आला तेव्हा पडवीत तयारी झाली होती. स्टुलावर लॅपटॉप, समोर खुर्च्या. इंटरनेटनं नेमका त्याच दिवशी दगा दिला होता, म्हणून शेजारच्या दाजीला मोबाइल घेऊन अंगणाच्या दगडी कुंपणावर, गडग्यावर, उभं केलं होतं. तिथं रेंज चांगली यायची आणि त्याच मोबाइलवरून लॅपटॉपला नेट मिळत होतं. दाजी बाळाचा रांपणीवरचा सोबती. त्यानं हात उंच धरून विचारलं, “असो धरू?” “तसोच धर, हलव नको,” अक्षदा म्हणाली. बाळानं हे सगळं पाहिलं, आतून फाटकं जाळं आणलं आणि खुर्ची सोडून खाली भिंतीला टेकून बसला. आपलं लक्ष नाही हे जपानला कळावं म्हणून त्यानं जाळं विणायला घेतलं.

पडद्यावर एक जाड भिंतींची मोठी खोली दिसली. दाटीवाटीनं बसलेली तरुण माणसं, आणि मध्ये पांढऱ्या भुवयांचे सेन्झाकी-सान, कंपनीचे सगळ्यात जुने मालक. त्यांच्या शेजारी पुण्याची सारिका होती, नागिउरातच नोकरी करणारी. दोन्हीकडचं बोलणं भाषांतर करून सांगायचं काम तिचं. सगळ्यांनी वाकून नमस्कार केला. पद्मावतीनं पदर सावरून हात जोडले. बाळानं जाळ्यातली गाठ ओढली.

अक्षदानं छापील मराठीत सुरुवात केली आणि दुसऱ्याच वाक्याला अडखळली.

“गो, आपल्या भाशेत सांग,” आई हळूच म्हणाली. “शाळेत भाषण करतस काय?”

मग तिनं मालवणीत सांगायला घेतलं, आणि हळूहळू त्या सांगण्याची तिलाच गोडी लागली.

नागिउरा बंदरात एक बर्फाचा कारखाना होता. मोठ्या बोटी दुसऱ्या बंदरात जाऊ लागल्या आणि कारखाना बंद पडला. मालकाचा मुलगा सेन्झाकी, त्याचा रेडिओ दुरुस्त करणारा मित्र ओकाबे आणि शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या मिझुए-बाई, अशा तिघांनी त्या रिकाम्या खोलीत व्हिडिओ गेम बनवायचं ठरवलं. गावानं त्यांना वेड्यात काढलं. खोली निवडण्याचं कारणही मोठं नव्हतं, भिंती जाड म्हणून आत थंडावा असायचा आणि त्या काळची मशीन फार तापायची. भर उन्हाळ्यात तो थंडावाही पुरेना, तेव्हा गावातला एक बर्फवाला रोज सायकलवरून बर्फाची लादी आणून पंख्यासमोर ठेवायचा. लादी वितळेपर्यंत तो बसून खेळ खेळायचा, आणि कंटाळा आला तर तोंडावर सांगायचा, हे फार लांबलं, इथं झोप येते. अक्षदानं हे गंमत म्हणून सांगितलं. पलीकडेही सगळे हसले. ही गोष्ट त्यांच्याकडे दर वर्षी सांगितली जायची आणि याच जागी हसू यायचं.

पहिल्या खेळाचं नाव ‘घरी चल’. वादळाआधी होडी घरच्या दिव्यापाशी आणायची, एवढाच खेळ. तेव्हाच्या कॅसेटीत जागा इतकी तोकडी की समुद्राचं चित्र तिच्यात मावेना. मिझुए-बाईंनी एकच लाट काढली. तीच उलटी केली, तीच रंग बदलून मागे लावली, तीच लहान करून क्षितिजावर ठेवली. सगळा समुद्र त्या एका लाटेचा होता आणि खेळणाऱ्यांपैकी कुणाच्या ते लक्षातही आलं नाही. अक्षदा स्वतः चित्रकार होती, आणि ती एक लाट काढायला काय लागलं असेल हे तिला कळत होतं.

दुसऱ्या खेळात चूक राहिली. ज्यानं एकही चूक न करता खेळ खेळला असेल, त्याच्यापुढं शेवटचं दार उघडतच नसे. विकणारी बडी कंपनी म्हणाली, असं बिनचूक खेळणारे कितीसे असणार, सोडून द्या. सेन्झाकी म्हणाले, जो सगळ्यात मन लावून खेळला त्यालाच आपण फसवतोय. मग तिघं दुकानोदुकानी फिरले, माफी मागितली, कॅसेटी परत घेतल्या आणि हातानं दुरुस्त करून दिल्या. त्यात कंपनी जवळजवळ बुडाली. पुढची काही वर्षं त्यांनी भात शिजवायच्या कुकरची शिट्टी, लिफ्टची घंटा, जे आवाज मिळतील ते बनवून दिले, पण एकाही माणसाला कामावरून काढलं नाही.

जाळ्यावरची बाळाची सुई इथं थांबली. अक्षदानं ते डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं.

विकणाऱ्या कंपनीनं तेव्हा खेळात खरी नावं द्यायला मनाई केली होती. म्हणून खेळाच्या शेवटी नुसती टोपणनावं यायची. पुढं दिवस पालटले आणि जुने खेळ नव्यानं काढायची वेळ आली, तेव्हा नागिउरानं एकेकाला शोधून काढून खरं नाव छापलं. सुट्टीत येऊन एकच पक्षी काढून गेलेल्या शाळकरी मुलाचंसुद्धा.

“आणि ह्या सांगूची रीत कशी पडली, ता आता सांगतंय,” अक्षदा म्हणाली, आणि तिनं नजर लॅपटॉपवरून काढून जमिनीवर ठेवली. मिझुए-बाईंचे वडील सुकी मासळी विकायचे. मुलगी काय करते हे त्यांना कधी समजलं नाही आणि त्यांनी कधी विचारलंही नाही. शेजाऱ्यांना ते अखेरपर्यंत सांगत राहिले, मुलगी बर्फाच्या कारखान्यात आहे. वडील गेल्यावर मिझुए-बाई म्हणाल्या, चूक त्यांची नव्हती, मी कधी बसून सांगितलंच नाही. दुसऱ्या कुणाच्या घरी असं होऊ नये.

पद्मावतीनं नवऱ्याकडे पाहिलं. बाळा जाळ्याकडे पाहत होता.

“छान सांगितलंस,” पडद्यावरून सारिका म्हणाली. “आता घरातल्या थोरांनी आपल्या शब्दांत सांगायचं.”

सेन्झाकी-सान गुडघ्यांवर हात ठेवून वाट पाहू लागले. त्यांच्या मागची सगळी खोली वाट पाहू लागली. बाळा जाळ्यातली एक गाठ चाचपत राहिला. संपलं सगळं, असं अक्षदाला वाटलं, आणि बापाचा रागही आला, आणि त्याची कीवही आली.

“ओ, आयकलास?” पद्मावती कुजबुजली. “दोन शब्द बोला.”

बाळानं जाळं बाजूला ठेवलं.

“माका येक सांग,” तो लेकीला म्हणाला. “तेचो वाटो खंय?”

“कोणाचो?”

“बरफवाल्याचो.”

“पपा, ता रवांदे आता...”

“रवांदे कित्याक? इचार तेंका.”

सारिकानं विचारलं, वाटो म्हणजे काय? अक्षदानं नाइलाजानं सांगितलं: जाळं ओढणाऱ्याला मिळणारी मासळी. सारिकानं ते जपानीत सांगितलं. सेन्झाकी-सानांच्या पांढऱ्या भुवया वर गेल्या. तोवर बाळा उठून लॅपटॉपसमोर येऊन उभा राहिला होता. किनाऱ्यावर वाटे घालताना राहतो तसाच, कमरेवर हात ठेवून. पलीकडचे मालक म्हणजे जाळ्याचे मालक, आणि कुणाचा तरी वाटा राहिलाय, एवढंच आता त्याच्या डोक्यात होतं.

“बघा,” तो म्हणाला, “जागा तुमची, म्हणान तुमचो वाटो. ता माका पटता. त्या बायेन येकच लाट काडल्यान आणि तेच्यार सगळो दर्यो उभो केल्यान, तिचो वाटो. रेडिओवाल्यान मशीन चलयल्यान, तेचो. सुट्टीत इल्लो पोर येक पाखरू काडून गेलो, तेका पण सोधून नाव दिलास. बरा केलास. वायट माल गेलो तेवा दुकानान दुकान फिरान परत घेतलास. शिट्टये वाजवन पोट भरलास, पण माणसाक घरी धाडूक नाय. ह्या आयकान माका बरा वाटला, खोटा कित्याक सांगू? पण मगे बरफवालो? तेचो बरफ नसतो तर तुमची मशीना तापान गेली असती. पयलो खेळ तेना खेळान बघल्यान, खंय झोप येता ता सांगल्यान. तेना दोरीक हात लावल्यान ना? मगे तेचा नाव खंय आसा? आमच्या हय फोटोक उभ्या रवलेल्याक पण आमी बांगडे देतंव!”

सारिका तुकड्या-तुकड्यानं भाषांतर करत होती. बांगड्यांपाशी आल्यावर सेन्झाकी-सान उठून उभे राहिले. म्हातारा भडकला, असं वाटून बाळानंही छाती पुढं काढली. अक्षदानं डोळे मिटले.

“ते म्हणतात,” सारिकानं सांगितलं, “की ते ही गोष्ट सगळ्यांना हसवायला सांगत आले. तो नोकरीला नव्हता, म्हणून त्याचं नाव शोधायचं कुणाला सुचलंच नाही. त्याला सगळे नुसतं कोओरी-सान म्हणायचे, म्हणजे बर्फराव. त्याचं खरं नाव त्यांना ठाऊक नाही.”

“ठाऊक नाय?” बाळा म्हणाला. “मगे सोधा!”

आणि पडदा काळा झाला.

सगळ्यांनी बाहेर पाहिलं. गडग्यावर दाजी नव्हता. बाळाचा चढा आवाज ऐकून, काय झालं ते बघायला तो मोबाइल खिशात घालून पडवीच्या दारात येऊन उभा राहिला होता. पद्मावतीनं त्याला जे काही ऐकवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. अक्षदा मात्र खुर्चीत बसून रडायला लागली. जपानच्या मालकाला उभं करून झापलं, आणि वर फोन तोडला, असंच तिकडे दिसलं असणार.

“मी वायट काय बोललंय?” बाळा पुन्हा पुन्हा विचारत होता. आवाज आता खाली आला होता. “खरा ताच बोललंय ना गो? चेडवा, रडा नको. तेंका सांग, बापूस अडाणी आसा म्हणान.”

“अडाणी नाय तुमी,” अक्षदा हुंदके देत म्हणाली, आणि ते म्हणताना तिलाच लख्ख कळलं की बोलणार नाही म्हणणाऱ्या बापानं अख्खा इतिहास सांगितला होता. बर्फवाल्याची बाजू मांडायची तर त्याला सगळं सांगावंच लागलं होतं. लाट, पक्षी, कुकरची शिट्टी, काही म्हणता काही सुटलं नव्हतं.

दाजी पुन्हा गडग्यावर चढला. पडदा उजळला तेव्हा मधली खुर्ची रिकामी होती आणि सारिका एका डोळ्यानं हसत, एका डोळ्यानं रडत होती.

“अक्षदा, अभिनंदन,” ती म्हणाली. “सेन्झाकी-सान म्हणाले, इतक्या वर्षांत कुणाच्या घरून इतिहास इतका नीट परत आला नव्हता. ते स्वतः सांगणार होते, पण त्यांना धीर निघाला नाही. सायकल काढून मासळी बाजारात गेलेत, त्या बर्फवाल्याचं नाव कुणाला आठवतं का ते विचारायला.”

बाळा आत गेला आणि बराच वेळ तोंड धूत राहिला.

कंपनीच्या वाढदिवसाला ‘घरी चल’ पुन्हा नव्यानं निघाला. त्यात तोंडवलीचे खेकडे होते, पण लाट तीच, मिझुए-बाईंची, कुणी तिला हात लावला नव्हता. अक्षदानं दुपारी टीव्हीला खेळ जोडला. बाळा, दाजी आणि मालवणहून मासळी घ्यायला आलेला सुशांत खुर्च्या ओढून बसले. पद्मावती आत चहा ठेवत होती. अक्षदानं होडी वादळाच्या आधी दिव्यापाशी आणली, आणि काळ्या पडद्यावर नावं वर सरकू लागली. जपानी अक्षरांत, आणि तिच्या हट्टापायी खाली देवनागरीतही.

बाळा पुढं सरकून बसला. ओकाबे. मिझुए. पक्षी काढणारा मुलगा. आणि मग, ‘बर्फ आणि पहिला खेळाडू: तोकुजी हामानाका’. नागिउराच्या मासळी बाजारात त्याची नात सापडली होती, सारिकानं कळवलं होतं.

बाळानं दाजीच्या पाठीत असा धपाटा घातला की दाजी खुर्चीसकट हलला. “बघलंस? लागलो तेका वाटो!” तो टीव्हीकडे पाठ करून स्वयंपाकघराकडे ओरडला, “गो, इलो, इलो! बरफवालो इलो!”

“कोण रे हो?” सुशांतनं विचारलं.

“कोण म्हणजे? आमच्या कंपनीतलो,” बाळा म्हणाला. “खेळ बनवतंव आमी. माझी चेडू बनवता. बस हय, तुका सगळा पयल्यापासून सांगतंय. बरफाचो कारखानो होतो येक...”

त्याच्या पाठीमागं पडद्यावर अक्षदाचं नाव गेलं. त्याच्या खाली आणखी एक ओळ आली: ‘दोरीला हात लावणारे, तोंडवली: बाळा, पद्मावती, दाजी’. दाजी पाठ चोळत होता, सुशांत बाळाच्या तोंडाकडे पाहत होता. ती ओळ फक्त अक्षदानं पाहिली.

“परत लाव गो,” बाळा म्हणाला. “तेचा नाव सुशांताक दाखवूचा आसा.”

होडी पुन्हा घरी आणायची तर वेळ लागणार होता. अक्षदानं खेळ पहिल्यापासून लावला आणि आईला हाक मारून सांगितलं, चहा राहू दे, बाहेर येऊन पपांच्या शेजारी बस, आणि ह्या खेपेला नावं येताना त्यांना पाठ फिरवू देऊ नको.